पाच मीटर

डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बोर्डीच्या वाड्यांमधला चिकूही त्यातलाच. पण मला चिकूपेक्षा तो उतरवायच्या काठीत जास्त रस आहे. लांब बांबू, टोकाला जाळी. देठ तुटला की फळ वीतभर पडतं आणि जाळीत थांबतं.

जाळी नसती तर? शंभर ग्रॅमचा चिकू पाच मीटरवर लटकतोय असं धरा. नुसत्या उंचीमुळे त्याच्याकडे सुमारे ५ ज्यूल स्थितिज ऊर्जा आहे. सुटल्यावर अडीच मीटरवर त्यातली निम्मी गतिज झालेली असते, जमिनीपाशी सगळी. तेव्हा वेग ताशी ३५ किलोमीटर. सगळा एका सेकंदाचा खेळ. हवेचा विरोध सोडला तर वाटेत नवं काहीच तयार होत नाही, फक्त रूप बदलतं. कच्चं फळ कडक असतं, त्यामुळे लागलेला मार लगेच दिसतही नाही. पिकायला लागलं की दिसतो, तोवर पेटी बाजारात पोचलेली असते.

आता त्याच उंचीवर माणूस. जुन्या झाडांवर चढावं लागतं आणि चढणारा बहुतेकदा जवळच्या पाड्यावरचा मजूर असतो. ६० किलो, पाच मीटर: जवळजवळ ३००० ज्यूल, म्हणजे सहाशे चिकूंइतकी. ती त्याच्याच पायांनी तिथे नेऊन ठेवलीय. पाय घसरला तर सेकंदात परत मिळेल.

१९७६मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी 'नैतिक नशीब' हा प्रश्न मांडला. समजा, दोन वाड्या आहेत. दोन्हीकडे दोर नाही, पट्टा नाही. एकीकडे माणूस पडला, दुसरीकडे नाही. पहिल्या मालकाला आपण दोषी म्हणतो, दुसऱ्याला काही विचारतही नाही. का? दोघांच्याही फांदीवर तेवढेच ३००० ज्यूल होते. भरपाई अर्थातच वेगळी असेल, पडलेल्या माणसाच्या घरचं दुःख खरं आहे. दोष मात्र मला दोन्हीकडे सारखाच वाटतो. प्रॉडक्शनवर अजून काही फुटलं नाही म्हणून कोड बरोबर, असं कुणी म्हटलं तर आमच्याकडे रिव्ह्यूत हसतील.

'तो स्वतःहून चढला' असंही म्हणतात. पण हवेत असताना कुणालाच काही ठरवता येत नाही. जे ठरतं ते चढण्याआधी, आणि तेव्हा दोर द्यायचा की नाही हे तो ठरवत नाही.

मार किती बसणार, हे थांबायला किती अंतर मिळतं त्यावर आहे. जमिनीनं पाच सेंटिमीटरमध्ये थांबवलं तर सरासरी बल वजनाच्या शंभर पट. खालचं जाळं एक मीटर दबलं तर सहा पट. काठी आणि जाळी वाडीच्या खर्चात धरतात. दोर-पट्टा त्याच वहीत लिहायला नेमकी अडचण काय आहे?