सहावी सूना

वैशाख सरत येतो, वळवाच्या एखाद्या सरीने माती भिजते आणि दिवस मावळल्यावर घाट चढून देशावर आलेली मोटार मुक्कामी पोहोचते, तेव्हा तिच्या दर्शनी भागावर त्या प्रवासाची एक नोंद उमटलेली असते. समोरच्या काचेवर पिवळसर थेंब वाऱ्याने मागे ओढले जाऊन वाळलेले असतात. रेडिएटरच्या जाळीत एखाद्या पतंगाचा पंख अडकून राहिलेला असतो आणि बोट लावताच त्यावरची करडी भुकटी बोटाला येते. दिव्यांच्या काचांवर वाळवीचे पारदर्शक पंख चिकटलेले असतात, पण ते ज्याला वाहून नेत होते ते शरीर मात्र कोठेच शिल्लक नसते. सकाळी बादली आणि फडके घेऊन ही नोंद पुसून टाकणे हा मोटार बाळगणाऱ्या कुटुंबाच्या उन्हाळी दिनक्रमाचा इतका सवयीचा भाग झाला आहे, की आपण पुसतो आहोत ते देह आहेत, हा विचार फडके पिळताना मनाला शिवत नाही. तो शिवावा, आणि शिवल्यावर त्याचे काय करावे याचा काही निर्णय लागावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

पुसण्याचे काम मुळात कमी प्रतीचे नाही, हे आधीच सांगून टाकतो. कीटकाचा देह फुटला म्हणजे त्यातील प्रथिनयुक्त द्रव रंगावर पसरतो, आणि तापलेल्या पत्र्यावर ऊन चढू लागले की तो असा घट्ट बसतो, की वरच्या पारदर्शक लेपालाच खाऊ लागतो. मग डाग निघाला तरी त्याची खूण राहते. म्हणून जाणता मनुष्य हे काम लांबणीवर टाकत नाही आणि कोरड्या फडक्याने घासतही बसत नाही, कारण कवचाचे कण रंगावर चरे पाडतात. तो गाडी सावलीत घेतो, कोमट पाण्यात भिजवलेले जाड फडके डागांवर काही मिनिटे ठेवून देतो, आणि डाग मऊ पडल्यावर गाडीच्याच शांपूने, मायक्रोफायबरच्या कपड्याने, तो अलगद उचलून घेतो. भांड्यांच्या साबणाने मेणाचा थर निघून जातो, म्हणून तो वापरीत नाही. उलट उन्हाळ्याच्या तोंडीच मेणाचा एक हात देऊन ठेवतो, किंवा ऐपत असल्यास हल्ली प्रचारात आलेले सिरॅमिकचे लेपन करून घेतो, म्हणजे डाग खोल रुजत नाही. काचेविषयी तर हयगय करताच येत नाही. कोरड्या काचेवर वायपर फिरवला तर किड्यांचा चिकटा सर्वत्र पसरतो, समोरून येणाऱ्या गाडीचा प्रकाश त्यात फाकतो, आणि रस्त्याच्या कडेने चालणारा वाटसरू चालकाला दिसेनासा होतो. काच स्वच्छ ठेवणे हे अशा रीतीने मनुष्यजीवाच्या रक्षणाचेच काम आहे. परंतु तेवढ्याने ज्यांच्यामुळे ती मळली, त्यांचा प्रश्न निकालात निघत नाही.

तो प्रश्न असा: ज्याला मारण्याचा हेतू नव्हता, ज्याला मरताना आपण पाहिलेही नाही, त्याच्या मरणाची जबाबदारी आपल्यावर येते काय?

धम्मपदाच्या अट्ठकथेत पहिलीच कथा या प्रश्नाची आहे. चक्खुपाल नावाचा एक अंध स्थविर पाऊस पडून गेल्यावर पहाटे चंक्रमण करीत असता त्याच्या पायांखाली इंद्रगोप किडे चिरडले गेले, आणि ते पाहून इतर भिक्षूंनी तथागतांकडे त्याची फिर्याद नेली. भगवंतांनी विचारले, की तुम्ही त्याला मारताना पाहिले काय? नाही, असे उत्तर आले. तेव्हा ते म्हणाले, की तुम्ही जसे त्याला पाहिले नाही, तसेच त्यानेही त्या प्राण्यांना पाहिले नाही. आणि चेतनेवाचून कर्म नाही. हा निवाडा उदार आहे आणि त्या भिक्षूपुरता पूर्ण न्याय्यही आहे. पण त्याचा आधार घेऊन मोटार चालवणाऱ्याला नामानिराळे राहता येईल असे मला वाटत नाही, कारण चक्खुपाल अंध होता आणि आपण डोळस आहोत. त्याच्यापुढे पुरावा कधी येऊच शकत नव्हता, आणि आपल्यापुढे तो रोज सकाळी काचेवर रुजू होतो.

जैन आचार्यांनी याच ठिकाणी अधिक कडक मोजमाप लावले. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना हेतूपेक्षा प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, प्रधान स्थान दिले. आणि ही सावधानता केवळ मनात न ठेवता साधूच्या पावलापर्यंत उतरवली. चार हात पुढची भूमी निरखीत चालावे ही ईर्यासमिती, पावसाळ्यात जीवजंतूंनी भूमी गजबजते म्हणून चार महिने एकाच स्थानी राहावे हा चातुर्मासाचा नियम, आणि वाटचालीत कळत-नकळत दुखावलेल्या एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतच्या जीवांची क्षमा मागावी हा पाठ, हे सर्व या विचारातून आले. आपल्या ज्ञानदेवांनीही तेराव्या अध्यायात अहिंसेच्या एकाच पदावर किती काळ मुक्काम केला आहे आणि अहिंसकाच्या चालण्याचे किती तपशिलाने वर्णन केले आहे, हे वाचकांना ठाऊकच आहे.

या दोन मतांच्या मध्ये आदिपर्वातील मांडव्याची कथा उभी आहे. न केलेल्या चोरीसाठी सुळावर चढवल्या गेलेल्या त्या ऋषीने धर्मराजाच्या दरबारी जाऊन आपल्या शिक्षेचे कारण विचारले, तेव्हा त्याला सांगण्यात आले, की बाळपणी तू पतंगांना गवताच्या काडीने टोचले होतेस. ऋषी संतापला, यमाला त्याने मनुष्ययोनीत जन्म घेण्याचा शाप दिला, त्यातून विदुराचा जन्म झाला, आणि यापुढे १४ वर्षांपर्यंतच्या बालकाच्या हातून घडलेले कृत्य पातक मानले जाणार नाही, अशी मर्यादा त्याने घालून दिली. या कथेत कीटकाच्या वेदनेची नोंद धर्माच्या दप्तरी होते हे जितके महत्त्वाचे, तितकेच हेही महत्त्वाचे, की अजाणतेपणाला माफी आहे आणि त्या माफीला मुदत आहे. मोटारीच्या काचेवरचा पहिला डाग अजाणता पडला असे म्हणता येईल. तो स्वतःच्या हाताने पुसल्यानंतर पुढच्या डागाला ती सवलत राहत नाही.

येथे कोणी म्हणेल, की प्राचीनांचे हे नियम पायी चालणाऱ्यांसाठी होते. खरे आहे, आणि अडचण नेमकी तीच आहे. बैलगाडीसमोरून पतंग बाजूला होऊ शकत होता. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे सरकते, आणि तेवढ्या वेळात चार हात भूमी निरखणे चालकालाही शक्य नाही आणि वाट सोडणे कीटकालाही शक्य नाही. वेगाने दोघांचीही सावधानता हिरावून घेतली आहे. फरक इतकाच, की वेग ठरवण्याचा अधिकार दोघांपैकी एकाच्याच पायाखाली आहे.

दिव्याच्या बाबतीतही आपण फार दिवस एका सोयीस्कर समजुतीवर विसंबून राहिलो. भागवताच्या एकादश स्कंधात, ज्यावर नाथांनी आपली विस्तृत टीका लिहिली, अवधूताच्या २४ गुरूंमध्ये पतंगाची गणना आहे. रूपाच्या मोहाने ज्योतीवर झडप घालून जळणारा तो प्राणी आसक्तीने नाश कसा होतो हे शिकवतो. साधकाला वैराग्य शिकवण्यासाठी हा दृष्टांत समर्पक आहे, परंतु त्याने पतंगाच्या मरणाचा ठपका नकळत पतंगाच्याच माथी बसवला. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अतिवेगवान छायाचित्रणाच्या साहाय्याने, असे दाखवून दिले, की हे कीटक दिव्याकडे ओढले जात नाहीत. उडताना आपली पाठ प्रकाशाकडे ठेवण्याची त्यांची उपजत रीत असते, कारण अनादि काळापासून रात्रीही आकाशच भूमीपेक्षा उजळ असे, आणि पाठ तिकडे ठेवली की देह सरळ राही. जवळचा कृत्रिम दिवा या हिशेबात घोटाळा करतो, आणि तो जीव दिव्याभोवती गरगरत अडकून पडतो. म्हणजे ज्याला आपण मोह म्हणत आलो, तो त्याच्या इमानी दिशाज्ञानाचा आपण केलेला घात होता. दोष ज्योतीचा, आणि ज्योत लावणाऱ्याचा. अल्बर्ट श्वाइट्झर यांनी खऱ्या नीतिमान माणसाचे लक्षण सांगताना लिहिले आहे, की उन्हाळ्याच्या रात्री दिव्याखाली काम करीत असता तो खिडकी लावून घेऊन कोंदट हवा सोसतो, पण पंख जळालेले किडे मेजावर पडू देत नाही. संशोधनाच्या पुष्कळ आधी ज्योत लावणाऱ्याची जबाबदारी त्यांनी ओळखली होती.

आता या प्रकरणाची अधिक गंभीर बाजू. पन्नाशी ओलांडलेल्या पुष्कळांना आठवत असेल, की पूर्वी एका रात्रीच्या प्रवासात काच जेवढी माखत असे, तेवढी आता माखत नाही. हा केवळ स्मृतीचा भास नसावा. डेन्मार्कमध्ये अँडर्स पापे म्योलर यांनी १९९७ पासून २०१७ पर्यंत प्रत्येक उन्हाळ्यात त्याच दोन रस्त्यांवरून गाडी नेऊन काचेवरचे कीटक मोजले, तेव्हा एका रस्त्यावर ८० टक्के आणि दुसऱ्यावर ९७ टक्के घट आढळली, आणि जेथे कीटक कमी तेथे त्यांवर जगणाऱ्या भिंगऱ्यांची वीणही कमी दिसली. जर्मनीत क्रेफेल्ड येथील कीटकशास्त्र मंडळाने संरक्षित निसर्गक्षेत्रांत लावलेल्या सापळ्यांच्या २७ वर्षांच्या नोंदींवरून २०१७ साली असे निष्पन्न झाले, की उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन तीन चतुर्थांशाहून अधिक घटले आहे. याचे सारे खापर मोटारीवर फोडणे अन्यायाचे होईल. नाहीशी झालेली कुरणे, शेतांवरची विषारी फवारणी आणि रात्रीचा अतिरिक्त प्रकाश यांचा वाटा त्यात मोठा मानला जातो. पण नैतिक दृष्टीने यातून एक विलक्षण स्थिती उत्पन्न होते. काच स्वच्छ राहिली म्हणून हात स्वच्छ राहिले, असे म्हणण्याची सोय उरत नाही. माखलेली काच आपल्याकडून झालेल्या हानीची साक्ष देते, आणि कोरी काच त्याहून मोठ्या हानीची.

या कोंडीतून वाट काढताना मला मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातील एका विचाराचा उपयोग होतो. माणसामाणसांत भेद आणि अन्याय प्रस्थापित केल्याबद्दल ज्या ग्रंथाचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे जाहीर दहन झाले, आणि ते व्हावे हे रास्तच होते, त्याच ग्रंथात गृहस्थाच्या घरातील पाच वधस्थाने सांगितली आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. या पाचांना पंचसूना म्हटले आहे. त्यांच्याकडून रोज सूक्ष्म जीव मरतात. त्यांवाचून संसारही चालत नाही. गृहस्थाला त्यासाठी शिक्षा सांगितलेली नाही आणि सूटही दिलेली नाही. त्याच्यावर रोजचे पाच यज्ञ नेमून दिले आहेत, आणि त्यांतील भूतयज्ञात कावळ्याबरोबर कृमिकीटकांसाठीही अन्नाचा वाटा भूमीवर हलकेच ठेवायचा आहे. अपरिहार्य हिंसा हे ऋण आहे, आणि ऋण पश्चात्तापाने नव्हे तर नित्य परतफेडीने हलके होते, हा यातील गाभा. किड्याला घास देणाऱ्या त्या परंपरेने माणसाला पाणवठा नाकारला, हे तिचे सर्वांत मोठे अपयश आहे. म्हणून जी भूतदया माणसापासून सुरू होत नाही ती मला मान्य नाही. सुदैवाने येथे दोहोंत विरोध नाही, कारण ज्या मंद वेगाने पतंग वाचतो, त्याच वेगाने सडकेच्या कडेने घरी परतणारा मजूरही वाचतो.

मोटार ही आपल्या काळातील सहावी सूना आहे, आणि तिचाही यज्ञ ठरवला पाहिजे. पहिल्या पावसाच्या संध्याकाळी, वाळवीला पंख फुटून ती थव्याथव्यांनी बाहेर पडते त्या घटकांत, निकड नसेल तर प्रवास करू नये, पहाटे निघावे. रान, पाणथळ किंवा भातखाचरे लागली की वेग उतरवावा. गाडी हळू असली म्हणजे काचेवरून वर वळणाऱ्या वाऱ्याबरोबर पुष्कळ हलके जीव निसटून जातात. अप्पर लावून निष्कारण धावू नये. भंडारदऱ्याच्या किंवा राजमाचीच्या रानात मेअखेरीस काजवे पाहायला जाणाऱ्यांनी तर गाडी दूर ठेवून, दिवे बंद करून, पायीच आत जावे, कारण काजव्याचा प्रकाश हा त्याच्या जोडीदाराला दिलेला संकेत आहे आणि मोटारीच्या झोतात तो बुडून जातो. गाडी धुण्यासाठी ओढ्यात उतरवू नये. चतुराची पिल्ले पाण्यातच वाढतात, आणि रस्त्यावर झालेली हानी साबणाच्या फेसाने ओढ्यात पुन्हा करण्याचे कारण नाही. आणि परतफेड म्हणून अंगणाचा वा बांधाचा एक कोपरा औषध न मारता मोकळा सोडावा. तेथे रुई वाढू द्यावी, एखादे लिंबाचे झाड लावावे. २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेले नीलवंत अशाच लिंबाच्या कुळातील झाडांवर अंडी घालते.

एवढ्याने जीवसृष्टीचा ऱ्हास थांबेल असा माझा दावा नाही. त्यासाठी शेती, वने आणि नगररचना यांबाबत राज्यकर्त्यांनी करण्यासारखे पुष्कळ आहे. पण भूतयज्ञाचा घास ठेवणाऱ्यानेही जगाची भूक त्याने भागेल असे कधी मानले नव्हते. माझ्या जगण्याची किंमत दुसरा कोणी देत आहे हे रोज एकदा कृतीने कबूल करणे, हे त्याचे प्रयोजन होते. ही कबुली ज्याच्या अंगी मुरली, त्याच्या हातून वेगाचा माज, दिव्याचा अतिरेक आणि विषाची उधळपट्टी आपोआप कमी होते, आणि अशी माणसे पुरेशी झाली म्हणजेच राज्यकर्त्यांवरही तगादा लागतो. सहाव्या सूनेचा यज्ञ कोणत्याही स्मृतीत लिहिलेला नाही. तो आपल्या पिढीने आचरून पुढच्यांना घालून द्यायचा आहे, आणि ज्याच्या हाती सुकाणू आहे त्या प्रत्येकाला तो आपल्या पुढच्याच प्रवासापासून सुरू करता येईल.