चराईबंदी कुणावर?

डोंगर उजाड केला कुणी आणि त्याची किंमत मोजली कुणी, हा हिशेब आमच्या गावात कधी नीट मांडला गेला नाही. सह्याद्रीच्या या पट्ट्यात वडिलांच्या तरुणपणी कोळसाभट्ट्या लागल्या. ठेकेदारांनी ऐन, धावडा, जांभूळ तोडून जागेवरच जाळलं आणि पोती भरून कोळसा शहरात नेला. पुढं एका खडीवाल्यानं त्याच डोंगराची एक कड पोखरली. मग पावसात डोंगराची माती ओढ्यात, आणि ओढा आमच्या शेतात. पैसे करून दोघंही गेले. शेळ्या तेव्हाही होत्या, पण भट्टी काही शेळीनं लावली नव्हती.

नंतर गावानं डोंगर राखायचं ठरवलं. श्रमदानातून सलग समतल चर खणले, कुऱ्हाडबंदी आली, चराईबंदी आली. काम चांगलंच झालं. जुन्या खुंटांना फुटवे आले, तीन पावसाळ्यांत गुडघाभर गवत झालं. लावलेल्या रोपांपेक्षा नुसत्या राखण्यानं डोंगर जास्त भरला. फोटो मात्र रोपं लावतानाचेच निघतात!

पण बंदी सगळ्यांना सारखी, हे ग्रामसभेत म्हणायला सोपं. "चारू नका, कापून न्या." ज्याच्या दावणीला म्हैस आहे त्याला हे जमतं, भारा आणून टाकला की झालं. शेळीचं तसं नाही. तिला फिरून झुडपांचा पाला ओरबाडायचा असतो. आणि शेळ्या असतात कुणाकडं? ज्यांना गुंठाभर रान नाही त्यांच्याकडं. आमच्या आळीतल्या एका म्हातारीनं सहाच्या सहा शेळ्या विकल्या. म्हणाली, "डोंगर वाचला रं बाबा, पण औषधपाण्याला आता कुणाचं दार वाजवू?"

वर अडलेलं पाणी जमिनीत मुरलं आणि खाली विहिरींत निघालं. विहिरी आम्हा जमीनवाल्यांच्या. माझ्या विहिरीला आता मे महिन्यातही पाणी असतं. त्या पाण्यात म्हातारीच्या सहा शेळ्या आहेत, असं मी धरून चालतो.

वाटा कसा द्यायचा हे कुणाला ठाऊक नाही, असंही नाही. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथं पाणी जमिनीवर नाही, माणसांवर मोजलं: माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनाचाही हक्क, आणि ऊस लावायचा नाही. हरियाणातल्या सुखोमाजरी गावानं बंधाऱ्याच्या पाण्यात घरटी सारखा वाटा ठेवला, जमीन असो वा नसो. मग डोंगरावर गुरं सोडणं लोकांनी आपण होऊन थांबवलं.

आता शेजारच्या डोंगरासाठी आमच्याकडं पुन्हा ठराव येतोय. मी लिहून दिलंय, की खाली विहिरी असणाऱ्यांनी एकरी वर्गणी काढावी आणि ज्यांच्या शेळ्या जातील त्यांना पाण्यात वाटा मिळावा. एक बागायतदार म्हणाला, "ज्याला जमीनच नाही त्याला पाणी कशाला?"

मी म्हटलं, "तुम्हाला विकायला."

तो हसला नाही. ठराव पुढच्या सभेवर गेलाय.