रविवारचे संथ सूर

आठवडाभर घड्याळाच्या काट्यांमागे धावणाऱ्या माणसाला रविवारी सकाळी संथ संगीत हवेसे वाटावे, यात नवल ते काय? त्या दिवशी लोकल गाठायची नसते, डबा भरायचा नसतो. मिस्सा आटोपून घरी परतल्यावर चहाचा दुसरा कप हाती येतो आणि कोपऱ्यातून एखादे जुने, मंद लयीतले गाणे कानी पडत असते. पूर्वी ही सेवा रेडिओ करी, पुढे कॅसेट करू लागली, आज मोबाइल करतो. निवांत सकाळीसाठी निवडलेल्या गाण्यांच्या तयार याद्याच त्यात मिळतात. साधने पालटली, गरज तीच राहिली. इतक्या निरुपद्रवी सुखाविषयी नैतिक प्रश्न तो कोणता उपस्थित करावयाचा, असे वाचकांस वाटेल. आम्हांला मात्र वाटते की प्रश्न आहे, आणि तो आपल्या उंबरठ्याच्या आतलाच आहे. मनाला सैलावणारे हे सूर आपल्याला विसावा देतात, की केवळ विसर पाडतात?

जुन्या करारात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू भेटतात. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकातील सोळाव्या अध्यायात शौल राजाचे मन दुरात्म्याने ग्रासले असता तरुण दावीद त्याच्यापुढे वीणा वाजवितो आणि राजाला आराम पडतो. व्याकूळ मनाला हळुवार सुरांनी शांतविणे ही तेथे सेवा आहे, औषध आहे. उलट ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातला आमोस संदेष्टा आपल्या सहाव्या अध्यायात हस्तिदंती पलंगांवर पहुडून वीणेच्या साथीने गाणी जुळविणाऱ्या सुखवस्तू लोकांवर कडाडतो. त्यांचा अपराध गाणे हा नव्हे. आपल्याच बांधवांच्या विनाशाचे त्यांना काहीच दुःख नाही, हा त्यांचा अपराध आहे. विशेष म्हणजे तेथे आमोस दावीदाचे नावही घेतो. जणू त्याला सांगावयाचे आहे की वाद्य तेच आहे. ते कोणासाठी आणि कशासाठी वाजते, एवढेच बदलले आहे.

शौलाची कथाही सोळाव्या अध्यायात संपत नाही. अठराव्या अध्यायात तोच दावीद, तीच वीणा, तोच राजा. पण आता शौलाच्या अंतःकरणात मत्सर शिरला आहे, आणि वीणा वाजत असतानाच तो दावीदावर भाला फेकतो. संगीत मनाचा ताण उतरवील, मनातला मत्सर उतरविण्याचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते. ज्या घरात शनिवारी रात्री झालेले भांडण मिटलेले नाही, तेथे रविवारी सकाळी कितीही मधुर गाणे लावले तरी ते अबोल्यावर घातलेले पांघरूणच ठरते.

कान देण्याची गरजच पडू नये अशा संगीताची कल्पना तशी जुनी आहे. फ्रेंच संगीतकार एरिक साती याने आपल्या एका प्रयोगास ‘फर्निचरचे संगीत’ असे नाव दिले होते. 1920 साली पॅरिसच्या एका कलादालनात नाटकाच्या मध्यंतरात ते वाजविले गेले. प्रेक्षकांनी त्याकडे लक्ष देऊ नये, खुशाल बोलावे, हिंडावे, अशी त्याची इच्छा होती. पण सूर सुरू होताच लोक आपापल्या जागी जाऊन ऐकू लागले, आणि बिचारा साती त्यांना बोला, फिरा, म्हणून विनवीत राहिला. आज उलटे घडते आहे. संगीतकाराने जीव ओतून निर्मिलेली रचना आपण फर्निचरप्रमाणे कोपऱ्यात मांडून ठेवतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 साली, बीबीसीने कारखान्यांतील कामगारांसाठी काम करता करता ऐकावयाचा संगीताचा कार्यक्रम सुरू केला. कामाचा कंटाळा कमी व्हावा व उत्पादन वाढावे, हा त्यामागचा हेतू. त्या संकटकाळी तो हेतू समजण्यासारखा होता. परंतु विश्रांतीही जर सोमवारच्या कामासाठी यंत्राला घातलेले तेल ठरू लागली, तर रविवार तरी आपला कोठे राहिला?

आणि हा रविवार आपल्याला फुकट मिळालेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती मिळावी म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली. एप्रिल 1890 मध्ये मुंबईत भरलेल्या कामगारांच्या विराट सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली, आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपल्या निवांत सकाळीच्या पाठीशी त्या दोन अनामिक भगिनींचा आवाज आहे, हे आपण सहसा ध्यानी घेत नाही.

तो आवाज आज आपल्या घरात ऐकू येतो का? शब्बाथाची आज्ञा नीट वाचावी. विसाव्याचा अधिकार तेथे केवळ घरधन्याला दिलेला नाही. पुत्र, कन्या, दास, दासी, उपरा, इतकेच नव्हे तर बैल व गाढव यांनाही दिलेला आहे. अनुवाद ग्रंथ तर स्पष्टच सांगतो की दासदासींना तुझ्यासारखाच विसावा मिळावा. या मापाने आपला रविवार मोजून पाहावा. दिवाणखान्यात संथ सूर दरवळत असतात, आणि स्वयंपाकघरात घरची गृहिणी इतर दिवसांहून अधिक राबत असते. रविवारचे जेवण साग्रसंगीत व्हावयाचे असते ना! तिच्या कानी त्या गाण्याचे तुकडेच पडतात, तेही मिक्सर थांबला तर. पहुडलेल्यांवर कडाडणारा आमोस आज वसई-मुंबईत अवतरला, तर हस्तिदंती पलंग शोधण्यासाठी त्याला फार दूर जावे लागणार नाही.

विसाव्याची ही विषमता गाण्याच्या आतही दडलेली आहे. ज्या जुन्या हिंदी चित्रपटगीतांनी आपली सकाळ मृदू होते, त्यांतील व्हायोलिनच्या लाटा पुष्कळदा गोव्याच्या ख्रिस्ती वादकांच्या हातून उमटलेल्या आहेत. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकविले जाई. तीच विद्या घेऊन ही मंडळी पोटासाठी मुंबईस आली. शंकर-जयकिशन यांच्या गीतांची वाद्यरचना करणारे सेबॅस्टियन डिसोझा, किंवा प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविणारे अँथनी गोन्साल्विस, ही त्यांतली जाणकारांना ठाऊक असलेली नावे. बाकीच्या कितीतरी वादकांची नावे तबकडीवर कधी छापलीच गेली नाहीत. आपला निवांतपणा त्यांच्या श्रमांतून विणलेला आहे.

मग गाणे बंद करावे काय? मुळीच नाही. संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात याच पेचाशी झुंज दिली आहे. गीताच्या अर्थापेक्षा त्याच्या गोडव्यानेच मन अधिक हेलावते, याची त्यांना टोचणी लागे. चर्चमधून संगीत हद्दपार करावे की काय, असेही त्यांना कधी वाटे. तरीही अखेरीस त्यांचा कौल संगीताच्याच बाजूने पडला, कारण मिलान येथील उपासनेत गीते ऐकताना ओघळलेले आपले अश्रू ते विसरले नव्हते. सुखाला भिऊन नव्हे, तर सुखाला अर्थ देऊन त्याची शुद्धी होते, असे आम्हांला यावरून वाटते.

तेव्हा आमची सूचना अगदी साधी आहे. रविवारी सकाळी गाणे अवश्य लावावे, परंतु त्याआधी घरातील कामे वाटून घ्यावीत. कांदा चिरावयाला पुरुषाचे हात चालतात. एखादा पदार्थ कमी झाला तरी चालेल. शेजारी कोणी आजारी असेल, रात्रपाळी करून नुकते निजले असेल, तर आवाज उतरवावा. मग सर्वांनी, आईसकट, एकत्र बसावे आणि निदान एक गाणे अथपासून इतिपर्यंत, मध्ये न बोलता ऐकावे. ते संपल्यावर लगेच दुसरे लावण्याची घाई नको. त्या शांततेत कदाचित घरातले कोणी आठवडाभर मनात दाबून ठेवलेली गोष्ट बोलून दाखवील. ती ऐकावयाला आपण तेव्हा मोकळे असावे.