अस्वाद आणि आस्वाद

गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहावयास आले आणि त्यांच्या आश्रमजीवनाच्या एकादश (अकरा) व्रतांपैकी ‘अस्वाद’, म्हणजे जिभेच्या सुखासाठी नव्हे तर शरीराच्या गरजेपुरते खाणे, हे तेथील आश्रमाच्या दिनक्रमाचे अंग झाले. त्याच जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या तळेगाव (श्यामजी पंत) येथे दिवसभराची कामे आटोपून कुणी निव्वळ आनंदासाठी कादंबरी हाती घेतली, तर तो मनाच्या जिभेचा चोचला ठरतो काय, हा प्रश्न म्हणून गंभीरपणे विचारण्याजोगा आहे.

काव्यशास्त्राने आनंदाला कधीच कमी लेखले नाही. मम्मटाने वाचताक्षणी लाभणाऱ्या परमानंदाची गणना काव्याच्या प्रयोजनांत केली. विश्वनाथाने रसास्वादाला ब्रह्मास्वादाचे सहोदर, म्हणजे सख्खे भावंड, मानले, कारण रसात रंगलेल्या वाचकाला आपपर भाव उरत नाही. भोगाने ‘मी’ फुगतो, रसाने तो विरतो, आणि हाच भेद येथे निर्णायक आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० मध्ये निघालेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. करमणुकीसाठी उघडलेल्या पानांतून तिची नायिका यमू हिचे वैधव्य मराठी घरांत शिरले, हे विसरता येणार नाही.

अर्थात पुस्तकात बुडालेल्याला शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या आईची हाक ऐकू येईनाशी झाली, तर तेथे अस्वादाचा इशारा खराच आहे. परंतु घराने एकत्र बसून ऐकलेली, वाचलेली कादंबरी त्या व्रताचा भंग करीत नाही.