देहाचे स्वामित्व

ओमायक्रॉन या नावाने ओळखल्या गेलेल्या कोरोना विषाणूच्या उपप्रकाराचे भारतातील पहिले दोन रुग्ण २ डिसेंबर २०२१ रोजी जाहीर झाले, ते बेंगळुरू शहरातले. दोघांनीही लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी कर्नाटक सरकारने नियम केला, की दोन्ही मात्रा घेतल्याखेरीज कोणासही मॉलमध्ये वा चित्रपटगृहात प्रवेश मिळू नये. विषाणू सापडला होता तो लस घेतलेल्यांच्या शरीरात, आणि दार बंद झाले ते लस न घेतलेल्यांसाठी. ही विसंगती दाखवून नियम करणाऱ्यांना हिणविणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य नाही. त्याच वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांत या शहराने स्मशानांपुढील रांगा पाहिल्या होत्या. अशा भयातून सावरणारा समाज तर्काच्या आधी कवाड शोधतो. तथापि त्या नियमाच्या बुडाशी जो प्रश्न होता, तो साथ ओसरली म्हणून ओसरत नाही. माणसाच्या देहावर इतरांचा हक्क किती, हा तो प्रश्न.

मराठी माणसाला तो नवा नाही. १८९७ साली साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि पुण्यात प्लेगनिवारणासाठी गोरे सोजीर घराघरांत शिरले. माजघरे, देवघरे, स्त्रियांची अंगे, सारे काही तपासणीच्या कक्षेत आले. त्याच वर्षी २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली, ही पुढची कथा सर्वश्रुत आहे. सामान्यतः तिचा विचार राजकीय इतिहास म्हणून होतो. परंतु त्या क्षोभात एक नैतिक आशयही होता: उपाय हिताचा असला तरी तो अंगावर चालून येऊ नये. पुढच्याच वर्षी, १८९८ साली, प्लेग बेंगळुरूत पोहोचला. या शहरात प्लेगच्या नावाने मारम्मेची देवळे आहेत. आपल्याकडील मरीआईची ही दक्षिणेतील बहीणच म्हणावी. रोग देणारी तीच आणि रोगापासून राखणारीही तीच, ही कल्पना अडाणीपणाची म्हणून हसण्यावारी नेण्याचे कारण नाही. रोगाच्याच अंशाने रोग रोखता येतो, हे लसीचे तत्त्व त्या कल्पनेपासून फार दूरचे नाही.

हक्काचा प्रश्न नुसत्या तत्त्वचर्चेने सुटत नाही, हे मात्र कोरोनाच्या काळात स्पष्ट झाले. कारण त्याचे उत्तर शरीराच्या अगदी बारीक व्यवहारावर अवलंबून निघाले. दंडाच्या स्नायूत टोचलेली लस काखेतील लसिकाग्रंथींपर्यंत जाते. तेथे बी-पेशींची जणू शाळा भरते. त्या द्विगुणित होतात, आपल्या प्रतिपिंडांची घडण थोडीथोडी बदलतात, आणि ज्यांची घडण विषाणूला अधिक घट्ट चिकटते त्याच टिकतात. टी-पेशी या निवडीला साहाय्य करतात. उत्तीर्ण झालेल्यांपैकी काही अस्थिमज्जेत जाऊन वर्षानुवर्षे प्रतिपिंडे स्रवत राहतात, तर काही स्मृतिपेशी होऊन स्वस्थ वाट पाहतात. येथवर सारे रक्ताचे काम झाले. विषाणू मात्र रक्तातून येत नाही. तो नाकातून येतो. नाकाच्या श्लेष्मल आवरणातील पहारा निराळ्या जातीच्या प्रतिपिंडांकडे असतो, ती बहुतांशी तेथल्या तेथेच तयार होतात, आणि दंडात टोचलेल्या लसीने ती फारशी निपजत नाहीत. रक्तातून पाझरून नाकापर्यंत येणारी प्रतिपिंडे पहिल्या काही महिन्यांत भरपूर असतात, पुढे उणावतात. त्यातच विषाणू आपले रूप पालटतो. स्मृतिपेशींना जागे होण्यास काही दिवस लागतात आणि नाकातील विषाणू तेवढा थांबत नाही. तो फुप्फुसांकडे वळतो तोवर मात्र स्मृतिपेशी आणि टी-पेशी सज्ज झालेल्या असतात.

या साऱ्याचा नैतिक अर्थ असा, की ही लस घेणाऱ्याला मृत्यूपासून फार मोठ्या प्रमाणात वाचविते; त्याच्या शेजाऱ्याला संसर्गापासून थोडे, आणि तेही थोडा काळ. ते थोडे म्हणजे शून्य नव्हे, हेही विसरता कामा नये. पण सक्तीचा सारा युक्तिवाद शेजाऱ्याच्या नावाने केला जातो. तुझ्या देहात सुई टोचण्याचा अधिकार मला आहे, कारण तुझा देह माझ्या मुलाला धोका आहे, असे समाज म्हणतो. धोका दोघांकडूनही सारखाच संभवत असेल तर या वाक्यातील ‘कारण’ गळून पडते आणि उरतो तो निव्वळ अधिकार. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर जो निर्णय दिला, त्याचे मर्म हेच होते. शरीराची अखंडता संविधानाच्या २१व्या अनुच्छेदाने रक्षिलेली आहे, कोणासही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. आणि लस न घेतलेल्यांकडून संसर्ग अधिक पसरतो असे दाखविणारी माहिती पुढे आलेली नसल्याने त्यांच्यावरील निर्बंध प्रमाणबद्ध नाहीत, असेही. सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी मर्यादा घालण्याचा शासनाचा अधिकार मात्र न्यायालयाने नाकारला नाही.

या निर्णयाचा सोयीस्कर अर्थ काढणारे पुष्कळ निघाले. माझा देह माझा, तेव्हा विषय संपला, असे त्यांना वाटते. पण जो देह ते आपला म्हणतात, त्याची प्रतिकारशक्ती तरी त्यांनी एकट्याने कमावलेली असते काय? लस म्हणजे दुःख न भोगता मिळालेली दुःखाची स्मृती. २००३ साली सार्सच्या आजारातून उठलेल्यांच्या रक्तात सतरा वर्षांनीही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी आढळल्या. ती स्मृती त्यांनी आजाराचे मोल देऊन मिळविली होती. लस घेणाऱ्याला तशीच स्मृती एका टोचणीच्या किमतीत मिळते. उरलेले मोल दुसऱ्या कोणी तरी दिलेले असते.

कोणी दिले, याचा एक पुरावा मुंबईत आहे. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला बगदाद-बसऱ्याच्या वाटेने आलेली देवीची लस टोचण्यात आली, आणि तिच्या दंडावरील फोडातला द्रव काढून आणखी पाच मुलांना. शीतपेट्या नव्हत्या, लस जिवंत ठेवण्याचे पात्र म्हणजे मुलाचा दंड. एका दंडावरून दुसऱ्या दंडावर, अशा साखळीने ती पुण्याला, मद्रासला, देशभर गेली. पुढे १८०५च्या सुमारास टॉमस हिकी या चित्रकाराने म्हैसूरच्या राजस्त्रियांचे चित्र काढले. त्यातील एकीने पदर किंचित सारून दंड उघडा ठेवला आहे, तो टोचणीची जागा दाखविण्यासाठी, असे काही इतिहासकारांचे मत आहे. राणीचे चित्र राहिले. ज्या मुलांच्या दंडांवरून लस दक्षिणेत पोहोचली, त्यांची नावे बहुधा कोणी विचारलीही नसावीत. मग संमती विचारली असेल, ही आशा कशाला करावी?

आपल्या परंपरेत देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे प्रसिद्ध आहेत. शतपथ ब्राह्मणात चौथे मनुष्यऋणही सांगितले आहे, त्याचा उल्लेख क्वचितच होतो. प्रतिकारशक्ती हे अशा मनुष्यऋणाचे अंगात मुरलेले रूप आहे. सक्तीचे समर्थक येथे म्हणतील, मग ऋण आहे तर वसूल का करू नये? परंतु ऋण आणि खंडणी यांत भेद आहे. खंडणी घेणाऱ्याच्या बळावर ठरते. ऋण देणाऱ्याच्या जाणिवेवाचून फिटतच नाही. त्या मुलांकडून जे न विचारता घेतले गेले, त्याची फेड आणखी कोणाकडून न विचारता घेऊन कशी होईल?

तरीही एक माणूस असा आहे, की ज्याच्यापुढे हा सारा युक्तिवाद अडखळतो. मूत्रपिंडाचे रोपण झालेल्या रुग्णाला परका अवयव टिकावा म्हणून आपली प्रतिकारशक्ती औषधांनी दडपून ठेवावी लागते. लसीच्या मात्रा घेऊनही अनेकदा त्याच्या शरीरात पुरेशी प्रतिपिंडे बनत नाहीत. त्याची तटबंदी त्याच्या देहात नाही, भोवतालच्या माणसांच्या देहांत आहे. गोवराच्या बाबतीत ही गोष्ट निर्विवाद आहे. ती लस संसर्गाची साखळीच तोडते, आणि ती नाकारणारा केवळ स्वतःपुरता निर्णय घेत नसतो. कोरोनाच्या बाबतीत संशोधक आता नाकातच प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या लसींच्या मागे आहेत. भारतात तशी एक लस २६ जानेवारी २०२३ रोजी उपलब्धही झाली. त्यांतील एखादी संसर्ग खरोखर थोपवू शकली, तर ज्या नकाराला न्यायालयाने २०२२ साली संरक्षण दिले, त्याच शब्दांतला, त्याच माणसाने दिलेला नकार निराळे कृत्य ठरेल. माणूस तोच, देह तोच. पण दाराबाहेर उभा असलेला तो रोपणाचा रुग्ण त्या वेळी त्याला काही विचारू शकेल, आणि त्याला उत्तर द्यावे लागेल.