शाप कुणाला लागतो?

सुट्टीत जानेफळला आलेला भाचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या डावासाठी एक शापित अंगठी रचत होता. “मामा, शाप आधीच कळला तर मजाच गेली,” असं तो म्हणाला, आणि ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

भूमिका घेऊन, गोष्ट रचत खेळायचा हा खेळ 1974पासूनचा. त्याच्या 2014च्या नियमांत वस्तू ओळखण्याचा मंत्र घातला तरी शाप बहुधा दडूनच राहतो. वस्तू बाळगणाऱ्याची शापातून सुटका करायला मात्र बहुधा एक मंत्र पुरतो. माझी तक्रार आधी या दुसऱ्या नियमाबद्दल होती. एका मंत्रानं सुटतो तो शाप कसला, तो दोन दिवसांचा ताप. शाप दडलेला असावा, हे मला भाच्याइतकंच पटत होतं.

पण सापळा वेगळा आणि सौदा वेगळा. सापळ्यात नकळत पाय पडतो, सौद्यात किंमत ठाऊक असते. भाद्रपदात गणेश चतुर्थीला चंद्र दिसला की आपण स्यमंतक मण्याची कथा ऐकतो. विष्णुपुराणात त्या मण्याचा नियम उघड सांगितला आहे: शुद्ध माणसाला तो सोनं देतो, अशुद्धाचा जीव घेतो. मणी अंगावर घालणारा प्रसेन त्यापायी मेला. चोरीचा आळ आला कृष्णावर, ज्याच्या हाती मणी नव्हताच! शेवटी मणी अक्रूर या यादवाकडे निघाला तेव्हा कृष्णानं नियम स्वतःला लावून पाहिला, बलरामालाही लावला, आणि मणी त्याच्याकडेच राहू दिला. शाप दडलेला असता तर या नकाराला काय अर्थ उरला असता?

गुप्तधनाच्या समजुतीत तर सगळंच उघड असतं. हंडा पुरलेला आहे, नाग राखणीला आहे, पायाळू माणसाला जागा दिसते, धन बळी मागतं. शोधणाऱ्याला किंमत पाठ असते. फक्त ती तो स्वतः मोजत नाही, दुसऱ्याचं लेकरू पुढे करतो. म्हणून 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठीची अघोरी कृत्यं गुन्हा ठरली. कायदा हंड्याला हात लावत नाही, माणसाला धरतो.

तेव्हा भाच्याचं म्हणणं आता मला पटत नाही. दडलेला शाप खेळाडूला निर्दोष ठेवतो. शापित वस्तू रचणाऱ्यांनो, शाप अंगठीवर ठळक कोरा, त्याची किंमत शेजारच्या गड्याला मोजायला लावा, आणि मग अंगठी कोण उचलतो ते पाहा.