तुंबलेल्या मोरीचा दृष्टान्त

गावाकडची म्हातारी माणसं अजून ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ जड झाली की वारं गेलं. वाऱ्याला कोण अडवणार? माणसाला खाटेवर निजवायचं, तेल चोळायचं आणि वाट बघायची. नातवंडांनी शब्द बदलला. ती म्हणतात, ‘मेंदूची नस ब्लॉक झाली.’ वाऱ्याच्या जागी नळ आला आणि नळ म्हटलं की प्लंबर आलाच. मोरी तुंबलीय ना, मग काढा की बोळा.

आज तसा बोळा खरोखर काढतात. जांघेतल्या किंवा मनगटाच्या धमनीतून कॅथेटर आत सरकवतात, महाधमनीतून मानेत आणि तिथून मेंदूत नेतात. एक्स-रेच्या पडद्यावर बघत जेमतेम तीन मिलिमीटर रुंदीच्या धमनीतल्या गुठळीपाशी पोचतात. मग जाळीचा स्टेंट तिच्यात उघडून गुठळीसकट बाहेर ओढतात किंवा ती सरळ शोषून घेतात. हीच मेकॅनिकल थ्रॉम्बेक्टॉमी. कधीकधी रुग्ण तिथल्या तिथे लुळा हात उचलतो. असं काही पाहिल्यावर पुरावा मागणारा माणूस अरसिक वाटणारच. तरी मी त्याच्याच बाजूने लिहितो आहे, कारण मोरीच्या तर्काने वैद्यकाला याच जागी दोनदा चकवलं आहे.

पहिला चकवा 2011चा. मेंदूतली धमनी पुरती बंद नाही, पण फार अरुंद झाली आहे आणि नुकताच पक्षाघाताचा झटका येऊन गेला आहे, अशा रुग्णांत स्टेंट घालून वाट रुंद करावी की नुसती औषधं कसून द्यावीत? अमेरिकेतल्या ‘सॅम्प्रिस’ चाचणीने 451 रुग्णांत हे ताडून पाहिलं. तीस दिवसांत पुन्हा झटका किंवा मृत्यू ओढवण्याचं प्रमाण औषधांच्या गटात 5.8 टक्के निघालं, स्टेंटच्या गटात 14.7 टक्के. नवीन रुग्ण घेणं थांबवावं लागलं. नळ रुंद करायला गेलेला प्लंबरच घर बुडवत होता.

दुसरा चकवा उलट्या बाजूचा. 2013मध्ये तीन चाचण्यांनी एकदम सांगितलं की कॅथेटरने गुठळी काढण्याचा विशेष फायदा नाही. त्यांतल्या सर्वांत मोठ्या ‘आयएमएस-3’मध्ये 656 रुग्णांनंतर काम थांबवलं गेलं, स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांचं प्रमाण कॅथेटरच्या गटात 40.8 टक्के, दुसऱ्या गटात 38.7 टक्के, म्हणजे जवळजवळ बरोबरी. मात्र बारकाईने वाचलं तर फट दिसत होती. मोठी धमनी खरंच बंद आहे का, हे अनेक रुग्णांत आधी पाहिलेलंच नव्हतं. हत्यारं बहुतांश जुन्या पिढीची होती आणि वेळही फार जात होता. ज्याची मोरी तुंबलेलीच नाही, त्याच्याकडे बोळा कुठून निघणार?

इथे नेदरलँड्सने जे केलं ते मला यंत्रापेक्षाही मोठं वाटतं. तिथे ‘मिस्टर क्लीन’ ही चाचणी चालू होती आणि ती चालू असतानाच ठरवलं गेलं की या उपचाराचे पैसे चाचणीत सामील होणाऱ्यांनाच मिळतील. आपल्या बापाला उपचार मिळणार की नाही हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरावं, हे ऐकायला क्रूर वाटतं. पण नेमका उपयोग होतो का हे ठाऊक नसताना सरसकट करत सुटणं दयाळूपणाचं कसं? 16 रुग्णालयं, 500 रुग्ण. धमनी बंद असल्याचं आधी बघून घेतलेलं, बहुतेकांत नवा जाळीचा स्टेंट वापरलेला. नव्वद दिवसांनी स्वावलंबी असलेले 32.6 टक्के, नेहमीच्याच उपचारांवर ठेवलेल्यांत 19.1 टक्के. ऑक्टोबर 2014मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत हे आकडे जाहीर झाल्यावर इतर देशांतल्या चाचण्याही मुदतीआधी आवरत्या घेतल्या गेल्या. 2015मध्ये आलेले त्यांचे निकाल त्याच दिशेचे होते.

आता तेच आकडे उलटे वाचा. गुठळी काढूनही तिघांतले दोघे स्वावलंबी झाले नाहीत. मृत्यूचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच राहिलं. जाहिरातीत हा भाग छापत नाहीत.

कारण मोरीचा दृष्टान्त नेमका इथे मोडतो. मोरी उद्या साफ केली तरी मोरीच राहते. मेंदूच्या धमनीपलीकडे मात्र रक्तावाचून तडफडणारं जिवंत ऊतक असतं. मोठी धमनी बंद पडली की दर मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब 2006मध्ये मांडला गेला. सरासरीच ती, कुणाच्या मेंदूला आडवाटेच्या बारीक रक्तवाहिन्या बराच वेळ तगवतात. म्हणूनच 2018मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॉन’ चाचणीत सहा ते चोवीस तास उलटलेल्या, पण स्कॅनमध्ये वाचवण्याजोगा भाग शिल्लक दिसणाऱ्या, रुग्णांनाही मोठा फायदा झाला: 49 टक्के स्वावलंबी, विरुद्ध 13 टक्के. हे वाचून ‘अजून चोवीस तास आहेत’ असं कुणी समजू नये. ती निवडून काढलेली माणसं होती.

आपल्याकडे गुठळी काढायची सोय मोठ्या शहरांत एकवटलेली आहे. तालुक्याच्या गावी रुग्ण आधी जवळच्या दवाखान्यात, तिथून जिल्ह्याला, तिथून शहरात असा फिरतो. लंडनने 2010पासून रुग्णवाहिका जवळचं रुग्णालय ओलांडून थेट आठ ठरावीक केंद्रांकडे न्यायला सुरुवात केली. ते करायला नवं यंत्र लागलं नाही, निर्णय लागला. आपल्याकडे तो होईल तेव्हा होवो.

तोवर एवढं करा. घरात कुणाचं तोंड वाकडं झालं, हात गळला, बोलणं अडखळलं, तर तेल शोधू नका, 108ला फोन करा. त्या माणसाला शेवटचं धडधाकट कधी पाहिलं ती वेळ कागदावर लिहून खिशात ठेवा. डॉक्टर ती विचारतीलच. रक्तस्राव नाही असं सीटी स्कॅनमध्ये दिसलं, तर तुम्ही विचारा: मोठी धमनी बंद आहे का हे अँजिओग्राफीत पाहिलंत का, आणि गुठळी काढायची सोय इथे नसेल तर सर्वांत जवळ कुठे आहे?